तीन क्लिक, सात मेन्यू आणि एक विजेट: हे नियम नाहीयेत

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मला एकटीला चार जणांनी पाठवला. 'साधी, सगळ्यांना वापरता येईल अशी वेबसाइट कशी करावी' असं हेडिंग आणि खाली पाच मुद्दे: कुठलीही माहिती तीन क्लिकमध्ये सापडलीच पाहिजे, मेन्यूत सातपेक्षा जास्त नावं नकोत, होमपेजवर मोठा फिरता चित्रांचा स्लायडर हवा, अंधांसाठी ॲक्सेसिबिलिटी विजेट, म्हणजे अक्षरं मोठी करा, रंग बदला असले पर्याय देणारं तयार बटण, साइटवर लावलं की काम झालं, आणि त्यापुढे जाऊ नका कारण साइट कुरूप दिसते, शिवाय असे युजर असतात तरी किती. मी वाचनालयं, पतसंस्था, शाळा यांच्या छोट्या साइट करते आणि हा मेसेज वाचून मंडळी खरंच तसं मागायला लागलीयेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

तीन क्लिक. हा नियम कुठल्या अभ्यासातून आलेला नाही, आणि 2003 मध्ये लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ पोर्टर यांनी 44 लोकांनी केलेली 620 कामं तपासली तेव्हा क्लिक किती झाले आणि माणसाने काम सोडलं का, किंवा तो वैतागला का, याचा काही संबंधच दिसला नाही. तीन क्लिकनंतर लोक पळून जात नाहीत, पुढचा क्लिक कुठे नेईल ते कळेनासं झालं की जातात. आणि हा नियम पाळायच्या नादात काय होतं ते मी एका वाचनालयाच्या साइटवर बघितलंय, सगळं जवळ आणायचं म्हणून होमपेजवर साठच्या वर लिंका ओतल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं बाकी असलेल्या एक आजी स्क्रीन मोठी करून 'सभासद व्हा' शोधत होत्या, एका वेळी त्यांना दोन-तीनच लिंका दिसायच्या, शेवटी त्यांनी फोन केला. आम्ही ते बदलून सभासदत्व, मग नवीन सभासद, मग वर्गणी आणि अनामत, मग अर्ज असं केलं. चार क्लिक झाले, पण प्रत्येक पानावर एकच गोष्ट आणि वर 'तुम्ही इथे आहात' असा माग. आजी कुठेही अडल्या नाहीत.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या 1956 च्या पेपरातून उचललाय. तो पेपर माणूस डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवू शकतो याबद्दल होता. मेन्यू काय पाठ करायचा असतो का, तो समोरच असतो! सातात बसवायचं म्हणून लोक उरलेलं सगळं 'इतर' नाहीतर 'महत्त्वाचे दुवे' मध्ये कोंबतात आणि मग तिथे कोणालाच काही सापडत नाही. नऊ नावं असू देत, पण लोक बोलताना वापरतात ती असू देत. 'सेवा' म्हणण्यापेक्षा 'पुस्तकं आणि वेळा' म्हणा.

स्लायडरबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटचे आकडे तिथेच वेबचं काम करणाऱ्या एरिक रन्यन यांनी 2013 मध्ये मांडले होते, त्यात साधारण 1 टक्का लोकांनीच स्लायडरवर क्लिक केलं आणि त्यातले 84 टक्के क्लिक पहिल्याच चित्रावर. शिवाय आपल्याकडे स्लायडरमध्ये सूचना चित्रातच टाइप केलेली असते, म्हणजे ती स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचू शकत नाही, मोठी केली की फाटते, सर्चमध्ये येत नाही, आणि हळू वाचणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत पुढचं चित्र येतं. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारी गोष्ट थांबवायची सोय हवी असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची जागतिक नियमावली सांगते. सरळ काढून टाका आणि तिथे आजची सूचना साध्या अक्षरात लिहा.

आता विजेट. या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण पैसेही जातात आणि वर समाधानही मिळतं की आपण काहीतरी केलं. ॲक्सेसिबी नावाच्या कंपनीने दावा केला होता की आमचं टूल लावा, कुठलीही साइट नियमात बसेल. ग्राहकांची फसवणूक होते का यावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो दावा दिशाभूल करणारा ठरवून 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले. मुळात ज्याला दिसत नाही त्याच्याकडे त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर आधीपासून असतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतं, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए असतं, जे फुकट आहे आणि मायकल करन आणि जेम्स टेह या दोघा ऑस्ट्रेलियन अंध मित्रांनी सुरू केलंय. तुमच्या पानावरचं बटण दाबून त्याला काही नवीन मिळत नाही, त्याला पानाचा सांगाडा नीट हवा असतो.

हे मला एका काकांनी शिकवलं. ते पूर्ण अंध आहेत, एनव्हीडीए सराईतपणे वापरतात, आणि मी केलेली एक साइट त्यांना दाखवली तेव्हा विजेट लावलेलं होतं. त्यांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. आधी एच दाबलं, म्हणजे पुढच्या हेडिंगवर उडी, तर 'पुढे हेडिंग नाही'. मी हेडिंग नुसती बोल्ड करून मोठी केली होती, दिसायला हेडिंग, कोडमध्ये साधा परिच्छेद. मग त्यांनी इन्सर्ट आणि एफ सात दाबून सगळ्या लिंकांची यादी उघडली. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अकरा वेळा. काका शांतपणे म्हणाले, "ताई, यातलं वेळापत्रक कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन हेडिंग खरी हेडिंग केली, लिंकांना नावं दिली, 'दिवाळी सुट्टीचं वेळापत्रक' अशी. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी लिहिलेली राहिली होती ती मराठी केली, कारण ती चुकली की इंग्रजी आवाज लागतो आणि काही आवाज देवनागरी सरळ गाळून टाकतात. जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळीकडे सारखीच ओळखली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधलं पान तर त्याहून वाईट, डोळ्याला मराठी आणि आत नुसता रोमन अक्षरांचा कचरा, तोच वाचला जातो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर कोरा कागद. यातलं एकही काम विजेट तुमच्यासाठी नीट करून देत नाही.

कुरूप दिसते म्हणाल, तर ब्रिटन सरकारची गव्ह डॉट यूके ही साइट 2012 मध्ये आली, काळी अक्षरं, पांढरं पान, भरपूर मोकळी जागा, आणि 2013 मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिलाच त्या वर्षीचं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. आपल्याकडे 'मॉडर्न' म्हणून फिकट करडी बारीक अक्षरं लावतात. देवनागरीत एक अनुस्वार दिसला नाही तर अर्थ बदलतो हो! अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान साडेचारास एक इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, ठेवा, ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडणार नाही, आणि अक्षरा-अक्षरामध्ये जास्तीची जागा सोडू नका, शिरोरेषा तुटते.

आणि 'असे किती'? 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी लोकांना अपंगत्व होतं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या मोतीबिंदूवाल्या आजी तर या आकड्यात नसतीलही. उन्हात उभं राहून फोन बघणारा रिक्षावाला कुठल्याच यादीत नसतो, त्यालाही फिकट अक्षरं दिसत नाहीत.

तुमची साइट तपासायची असेल तर माउस बाजूला ठेवा आणि कीबोर्डवरचं टॅब दाबत जा. फोकस, म्हणजे आत्ता कुठली लिंक किंवा बटण निवडलेलं आहे ती खूण, कुठे आहे ते दिसत नसेल तर तो आधी दिसता करा. मुख्य मजकुरापर्यंत पोचायला तीस-चाळीस टॅब लागत असतील तर पानाच्या अगदी सुरुवातीला 'मुख्य मजकुराकडे जा' अशी लिंक टाका, चार ओळींचं काम आहे, आज संध्याकाळी होईल.