जाहिरात ज्याने लावली, उतरवायचीही त्यानेच

'तो फ्लॅट गेला हो, पण त्याच स्कीममध्ये दुसरा दाखवतो.' वासणा-भायली रोडच्या चार जाहिरातींवर फोन करा, एकदा तरी हे ऐकायला मिळेलच. बडोद्यात आपण याला धंद्याची चलाखी म्हणून सोडून देतो. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मात्र आमिषाच्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. सांगितलेल्या भावात माल मिळण्याची शक्यताच नसेल, तर तो भाव दाखवून गिऱ्हाईक बोलवायचं नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

आता खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा लबाडी नसते, आळस असतो. एका फ्लॅटची जाहिरात दोन पोर्टलांवर, मार्केटप्लेसवर, इन्स्टाच्या रीलमध्ये, गूगलवर पैसे भरून आणि चार-पाच व्हॉट्सॲप ग्रुपांत असते. सौदा झाला की एका पोर्टलवरून निघते, बाकीच्या कुणाच्या लक्षातही नसतात. पैसे भरून जाहिरात पुढे ढकलताना (बूस्ट) शेवटची तारीख टाकलेली नसेल, तर विकलेल्या फ्लॅटसाठी रोजचे पैसे कापले जातातच. सगळ्यात वाईट म्हणजे भाव चित्रात छापणं. मजकूर दुरुस्त करता येतो, पण फॉरवर्ड झालेलं चित्र परत बोलावता येत नाही. म्हणून चित्रावर भावाशेजारीच 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहायचं, तेही भावाच्याच आकारात. तळाशी मुंगीच्या अक्षरात नको.

ऑफिसात एक साधी शीट ठेवा: जाहिरात कुठे आहे, लिंक, भाव, कोणता फोन नंबर दिलाय, कधी संपते आणि लॉगिन कोणाकडे आहे. शेवटचा रकाना सोडू नका. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलवर फेसबुक पेज उघडलेलं असतं, आणि मग मालकालाच स्वतःची जाहिरात काढता येत नाही. पेजला दोन ॲडमिन हवेतच. काढताना आधी पैसे भरलेल्या, मग पोर्टल, मग ग्रुप.

नव्या स्कीमचं प्रकरण याहून कडक आहे. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणारा कायदा; त्याखालच्या नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता लागतो. रीलही जाहिरातच आहे, हे आपल्याकडे अजून पचलेलं नाही. नोंदणीशिवाय जाहिरात केली तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, क्रमांक किंवा पत्ता गाळला तर ५ टक्क्यांपर्यंत. फ्लॅट कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर, विकायचा असतो, तरी जिना-लिफ्टचा वाटा धरलेला 'सुपर बिल्टअप १२५०' हाच आकडा ठळक. बी.यू. परमिशन (इमारत वापरायची परवानगी) आल्यावर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, पण जाहिरातीत 'अधिक ५ टक्के जीएसटी' तसंच पडून राहतं. म्हणजे परमिशन हातात आली, त्याच दिवशी जाहिरात बदलायला हवी.

'ते आमची एजन्सी बघते' हे उत्तर मला मुळीच पटत नाही. एजन्सीला भाव कोण कळवतो? तुम्हीच. छापणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या माध्यमाला कायद्यात थोडी सूट आहे, रोजच्या धंद्यात प्रसिद्ध केली म्हणून. पण जाहिरात बंद करण्याचा आदेश निघालाय हे माहीत असूनही चालवली, तर तीही जाते. बिल्डरला तेवढीही पळवाट नाही: रेराच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यायची. घेणाऱ्याला सौद्यातून बाहेर पडायचं असेल, तर सगळे पैसे व्याजासकट परत.

भाड्याच्या खोल्यांना रेरा लागत नाही. फतेहगंजकडे विद्यार्थ्यांसाठीच्या जाहिराती त्यामुळे निवांत शिळ्या होत बसतात. तिथे डिपॉझिट पाठवण्याआधी खोली डोळ्यांनी बघणं एवढंच हातात आहे.

घेणाऱ्यांनी एक करावं. बुकिंगचा चेक देण्याआधी गुजरात रेराच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून ताबा कधीचा लिहिलाय ते जाहिरातीशी ताडून पाहा, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसेल असा. रील उद्या डिलीट होऊ शकतं, मग कलम १२ खाली दाखवणार काय?