‘तो आमचो न्हय’

"तो आतां आमच्याकडेन ना, बाब. आनी तो स्टाफ न्हय, एजंट आशिल्लो." एवढं बोलून काउंटरवरच्या पोराने मान परत मोबाइलमध्ये घातली. माझ्या साडेआठ हजारांच्या ॲडव्हान्सचा निकाल लागला.

स्टाफ नव्हे, एजंट होता म्हणे! मग पाठवला कोणी? पावसाआधी इन्व्हर्टर बसवून घ्यावा म्हणून मी तुमच्याच दुकानात फोन केला. ‘आमचा माणूस येईल’ हे तुमचे शब्द. माणूस आला. अंगात तुमचं नाव छापलेला टीशर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत तुमचं पावतीपुस्तक. पंखे किती, फ्रिज केवढा, सगळं लिहून घेतलं, आईच्या हातचा चहा ढोसला आणि ॲडव्हान्स घेऊन पावती फाडली. खाली कार्बन घालायला विसरला नाही, शिक्काही नीट सरळ मारला. इन्व्हर्टर काही आला नाही, आणि आता तो तुमचा नव्हे? असले टीशर्ट काय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगाने मिळतात?

शेजारचे वकीलकाका दारातच उभे राहून हसले. म्हणाले, १८७२ चा करार कायदा आहे बाबा, कलम २३७ वाच. मालकाने आपल्या बोलण्या-वागण्यातून समोरच्याला वाटायला लावलं की एजंटाला अधिकार आहे, तर अधिकार नसला तरी मालक बांधला जातो. २३८ तर आणखी झकास: मालकाचं काम करताना एजंटाने लबाडी केली, तर ती मालकानेच केल्यासारखी. मी उडीच मारली. मग काकांनी विचारलं, "पैसे कुणाच्या नंबरवर टाकलेस?"

इथे माझी गोची. ‘दुकानाचा क्यूआर आज बंद आहे’ म्हणाला, म्हणून त्याच्याच नंबरवर टाकले. काकांनी कपाळाला हात लावला आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल सुनावला. एका बाईच्या खात्यात भरायला ओळखीतल्या बँक कर्मचाऱ्याकडे पैसे दिले होते, त्याने खाल्ले, आणि बँक सुटली; कारण ते पैसे त्याने बँकेचा माणूस म्हणून नव्हे, ओळखीतला म्हणून घेतले होते. पण माझा एजंट काही माझा मित्र नव्हता, काका! शिक्का दुकानाचा होता! "तेच सांग आयोगाला," म्हणाले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत. म्हणजे फुकटात भांडायची सोय आहे. फाईल करायला घेतलीये.

सगळे एकाच माळेचे मणी. विम्याचा एजंट पॉलिसी गळ्यात मारताना ‘मी आहे ना’ म्हणतो आणि क्लेमच्या वेळी कंपनीचा टोल-फ्री नंबर देतो. पर्वरीत खोली दाखवणाऱ्या दलालाने मला मालकाचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. डिपॉझिट परत मागितलं तर ‘मालकाला विचारा’. कुठल्या मालकाला? कलम २३० बोलतं की मालकाचं नाव लपवणारा एजंट स्वतःच बांधलेला असल्याचं गृहीत धरायचं. तेव्हा हे कुठे ठाऊक होतं! आणि दुकानं दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्यांवर वेगळं लिहीन. तिथे तर भांडायलासुद्धा कोणी सापडत नाही.

हे सगळं बायकोला तावातावाने वाचून दाखवलं. तिने भाजी चिरताना मानही वर केली नाही. "आणि दोन वर्षांमागचा मंडप?"

चवथीला वाड्यावरच्या मंडळाने मला काहीही सांगितलेलं नसताना मी मंडपवाल्याला छाती काढून म्हटलं होतं, ‘मंडळाकडून सांगतो, पत्रे आणखी घाल, पाऊस धरलाय.’ त्याने घातले. मंडळाने हात वर केले. तो बिल घेऊन सोप्यावर येऊन बसला, तेव्हा मी काय म्हणालो? ‘मी फक्त निरोप पोचवला, पात्रांव.’ काकांना विचारलं. कलम २३५ निघालं: खोटा एजंट बनून दुसऱ्याला कामाला लावलं आणि मालकाने ते मान्य केलं नाही, तर भरपाई त्या शहाण्याने द्यायची.

त्याचे पंधराशे अजून माझ्याकडेच आहेत. उद्या फोंड्याला जाताना देतो. दुकानदाराला मात्र नोटीस जाणारच, आणि टीशर्टाचा फोटो पहिल्या पानावर जोडून. फोटो आईने काढलाय, अर्धा तिचाच अंगठा आलाय, पण नाव स्वच्छ वाचता येतं.