चाळीस सिटिंगांचा हिशेब

सोलापुरात माझा सहा वर्षांचा पुतण्या गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल टोचते म्हणून रोज सकाळी रडतो, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली शिरतो आणि वर्गात पाच मिनिटेही बाकावर टिकत नाही. यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. आईच्या मते हे फाजील लाड आहेत. पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटाटात पोरे पाळण्यात झोपलीच ना, असा तिचा सवाल. भाऊ एका थेरपी केंद्रात जाऊन आला, तेव्हा पहिल्याच भेटीत त्याच्या हाती चाळीस सिटिंगांचे पॅकेज पडले. माझी मुलगी इथे ब्रिटनमध्ये, लीड्सला, याच वाटेने गेली असल्यामुळे दोघेही माझ्याकडे निवाडा मागतात.

इथले सगळे चांगले, असे मी म्हणणार नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाची, पहिली भेट मिळायला आम्हाला चौदा महिने लागले. सोलापुरात ती आठवड्यात मिळाली, ही सोय लहान नाही. पण भेट झाल्यावर थेरपिस्टने मुलीला झोपाळ्यांच्या खोलीत नेले नाही. मूल कधी, कुठे, कशाने बिथरते याची पंधरा दिवसांची नोंद तिने आम्हाला ठेवायला लावली, शाळेत जाऊन वर्ग पाहिला, आणि मग लेबले कापणे, गोंगाटाच्या वेळी कानांवर इअरमफ, दोन तासिकांच्या मधल्या वेळेत वह्यांचा गठ्ठा उचलून नेण्यासारखे अंगमेहनतीचे काम, असे बदल शिक्षिकेच्या संमतीने ठरवले. चार भेटींत तिचे काम संपले. उरलेले आमच्याकडे आले.

मेंदू संवेदनांची सांगड नीट घालू शकला नाही तर मुलाचे शिकणे आणि वागणे अडते, ही मांडणी अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७२च्या पुस्तकात विस्ताराने केली. संवेदनांना येणारा असा तीव्र किंवा मंद प्रतिसाद २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत आहे, त्यामुळे हे ‘फाजील लाड’ आहेत हे आईचे म्हणणे मला मान्य नाही. मात्र त्याच ग्रंथात हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही, आणि आयर्स यांच्या मांडणीवर आधारलेल्या, झोपाळे वगैरे वापरणाऱ्या थेरपीचा पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये म्हटले. ब्रिटनमध्ये चार ते अकरा वर्षांच्या १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०२२) नेहमीच्या सेवेपेक्षा या थेरपीने वर्तनात अधिक सुधारणा दिसली नाही.

अशा मुलांना शांत झोप लागावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या वजनदार पांघरुणाचेही तसेच. आपल्या जाड चादरीचा मान वाढेल या आशेने मी ते संशोधन वाचायला घेतले होते. पण २०१४च्या ब्रिटिश अभ्यासात स्वमग्न मुलांची झोप त्याने वाढली नाही, फक्त मुलांना आणि पालकांना ते आवडले. तेव्हा आवडत असेल तर घरातली चादर पांघरावी, त्यासाठी हजारो रुपयांचे पांघरूण मागवू नये.

म्हणून माझा कौल थेरपिस्टच्या बाजूने आहे, पॅकेजच्या बाजूने नाही. पुतण्याला थेरपिस्टची गरज आहे. पण तिने त्याची शाळा पाहिली पाहिजे आणि घरच्यांना शिकवले पाहिजे, कारण आठवड्यातल्या दोन तासांच्या झोपाळ्याने बाकीचा आठवडा बदलत नाही. डीजेच्या दणदणाटावर गावात वाद होतो तो म्हाताऱ्यांच्या छातीच्या धडधडीवरून. या मुलांचे कान त्या चर्चेत कुणी आणत नाही, हेही मला खटकते.

तीन महिन्यांत नेमके काय बदलले पाहिजे ते लिहून मागावे, असे मी वहिनीला सुचवले. तिने केंद्रात तसे विचारले. उत्तरादाखल चाळीस सिटिंगांचे पैसे एकदम भरल्यास दहा टक्के सवलत मिळेल, असे तिला सांगण्यात आले.