‘जाड ग्रिप घ्या, हात दुखणार नाही’ म्हणे!

गेला महिनाभर आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आधी निपाणीकडून आला, मग खानापूरच्या ग्रुपला वळसा घालून परत आला, आणि परवा माझ्या मेव्हण्यानं तो मलाच पाठवला. वर लिहिलं होतं, ‘दाजी, वाचा. कामाचं हाय.’

मेसेज असा: ‘एमटीबी (माउंटन बाइक) चालवताना हात दुखतात, बधिर होतात? कारण एकच, कंपनीची पातळ ग्रिप. जेवढी जाड आणि मऊ ग्रिप, तेवढा आराम. स्क्रूवाली लॉक-ऑन ग्रिप म्हणजे पैसे काढायचा धंदा. साधी ग्रिप साबणाचं पाणी लावून बसवा, आयुष्यभर हलणार नाही. फोमची असेल तर उत्तमच, घाम शोषून घेते. मग ग्लोव्हजचीही गरज नाही.’ खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

मी पुढे पाठवला नाही. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये वीस वर्षं काढल्यामुळे कुणी ‘जाड’ म्हटलं की आधी मोजायला व्हर्निअर काढायची खोड लागली आहे. रविवारी सायकल घेऊन येळ्ळूरकडे नाहीतर जांबोटी रोडला जातो, त्यामुळे हात कशानं दुखतात हेही थोडंफार कळतं.

एक गोष्ट मेसेजवाल्याची खरी. स्वस्त सायकलीवर येणारी ग्रिप बहुधा टाकाऊच असते. नवी असताना कडक, आणि दोन उन्हाळे अंगणात गेले की रबर विरघळल्यासारखं होऊन तळहाताला काळं लावते. ती बदला, बिनधास्त बदला. भांडण आहे ते पुढच्या सल्ल्याशी.

‘जेवढी जाड, तेवढा आराम.’ एमटीबीच्या हँडलचा दांडा मुठीच्या जागी २२.२ मिलिमीटर असतो. सायकल दहा हजारांची असो की दोन लाखांची. मधे, हँडल सायकलला जोडणाऱ्या स्टेममध्ये धरतात तिथं तो २५.४, ३१.८ किंवा ३५ असतो, पण टोकाला माप तेच. त्यावर ग्रिप चढली की पातळ ग्रिपचं बाहेरचं माप साधारण २८-२९ होतं, मधलीचं ३०-३२, जाडचं ३३-३४. म्हणजे पातळ आणि जाडमधला फरक जेमतेम पाच मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण बोटांना जायचं असतं ते गोल फिरून. घेरात तोच फरक सोळा मिलिमीटर होतो, जवळजवळ एका बोटाच्या रुंदीएवढा. मुठीत न मावणारी वस्तू धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात, आणि बोटं आवळणारे मुख्य स्नायू पंजात नाहीत, मनगट ते कोपर या भागात आहेत. मग दहा मिनिटांच्या उतारानंतर कोपराखालचा हात दगडासारखा भरतो आणि ब्रेक ओढायला बोट उठत नाही.

हे समजायला सायकलच लागते असंही नाही. येळ्ळूरच्या शिवारात भात कापणाऱ्या बाईला विळ्याची मूठ जाड करून देतो म्हणा, ती तुम्हालाच विळा दाखवेल. प्रत्येकीच्या विळ्याची मूठ तिच्या हाताची असते.

अति पातळही वाईटच. बोटांची टोकं तळहातात रुततात आणि मूठ विनाकारण घट्ट होते. दुकानात करून बघायची साधी परीक्षा अशी: ग्लोव्हज घालून, कारण चालवताना तेच असणार, ग्रिप नेहमीसारखी धरा. मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याच्या गादीपाशी टेकत आली किंवा थोडीशी फट राहिली तर माप बरोबर. टोकं गादीवर चढली तर पातळ. मधे अख्खं बोट मावत असेल तर जाड. माझ्या हाताला ३२ बसते, मुलीच्या हाताला २८. एकाच घरात दोन मापं, आणि मेसेज सगळ्या जिल्ह्याला एकच ग्रिप वाटायला निघालाय.

आता ‘मऊ’. एक जुनी लॉक-ऑन ग्रिप मी हॅक-सॉनं उभी कापून पाहिली. बाहेरून ३२. त्यातून दांडा वजा केला की प्रत्येक बाजूला पाचला थोडं कमी, आणि त्यातलं दीड मिलिमीटर आतल्या प्लास्टिकच्या नळीनं खाल्लेलं. राहिलं साडेतीन मिलिमीटरच्या आत रबर. एवढं रबर डांबराची बारीक झिणझिण मारतं, नाही असं नाही. पण जांभ्या दगडाच्या पायरीवरून चाक खाली पडल्यावर बसणारा दणका त्याच्या हातातला नाही. तो टायरनं आणि पुढच्या सस्पेन्शननं घ्यायचा असतो. जेल भरलेल्या ग्रिपची आणखी गंमत म्हणजे जिथं जास्त दाब पडतो तिथून जेल बाजूला सरकतं आणि नेमकं दुखरं हाड कडक नळीवर येतं. वर ग्रिप हाताखाली लोण्यासारखी हलते ते वेगळंच.

‘बधिरपणाचं कारण एकच, ग्रिप.’ मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. कुठलं बोट बधिर होतं ते आधी बघा. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर दाब बहुधा अल्नर नसेवर. ही नस तळहाताच्या सुरुवातीला, करंगळीच्या बाजूनं, एका अरुंद बोळातून आत जाते. फ्रेंच सर्जन ग्युयाँ यांनी १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला ग्युयाँचा कालवा म्हणतात. तळहाताचा नेमका तोच भाग हँडलवर टेकतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये ही तक्रार डॉक्टरांच्या ओळखीची आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मामला मधल्या नसेचा, आणि तिथं मनगट मागे मोडून धरण्याची सवय तपासायची.

दोन्हींत खरा प्रश्न हा की तुमचं एवढं वजन हातावर आलंच कशाला? बहुतेक वेळा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं. माणूस घसरत पुढे येतो आणि दिवसभर हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो. किंवा सायकलच एक माप मोठी घेतलेली असते, ‘मोठी घ्या सर, तगोळ्री’ (कानडीत ‘घ्या हो’) या आग्रहाला बळी पडून, आणि हात ताणल्याशिवाय हँडल सापडत नाही. ब्रेकच्या लिव्हरचा कोन तर कुणी बघतच नाही. सायकलवर बसून एक बोट लिव्हरवर ठेवा. कोपर, मनगट, बोट एका रेषेत आलं पाहिजे. मनगटाला घडी पडत असेल तर एक बोल्ट ढिला करून लिव्हर फिरवायचा, खर्च शून्य.

हवेचीही तीच कथा. आपल्याकडे पंक्चरवाला टायर दाबून बघतो, ‘टाइट केलंय बघा’ म्हणतो आणि कौतुकानं साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतो. ट्यूबवाल्या सव्वादोन इंची टायरला, सत्तर किलोच्या माणसाला, कच्च्या वाटेवर तीसच्या आसपास पुरते. टायरच्या कडेला छापलेली कमाल-किमान हद्द मात्र मोडायची नाही, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. साठावरून पस्तिसावर आलात तर हाताला जो फरक कळेल तो कुठलीही ग्रिप देणार नाही.

आमच्या भागात फाउंड्र्या पुष्कळ. दिवसभर ग्राइंडर धरून कास्टिंग साफ करणाऱ्या माणसांची बोटं थंडीत पांढरी पडतात, सुन्न होतात. हादऱ्यानं हाताचं काय होतं ते त्यांना विचारा. ते मशीनची मूठ जाड करा म्हणत नाहीत, हादरा कमी करा आणि मधे विश्रांती द्या म्हणतात. सायकलवरही दर पंधरा-वीस मिनिटांनी हाताची जागा बदलणं, बोटं झटकणं यानं बरंच भागतं. उतरल्यावर काही तासांनीही बोट जागं होत नसेल, शर्टाचं बटण लावताना अडत असेल, तर ग्रिपचं दुकान नको, डॉक्टर गाठा.

तळहाताखाली पंख्यासारखी रुंद होणारी ग्रिप मिळते. जर्मनीच्या एर्गॉन कंपनीच्या नावानं ती जास्त ओळखली जाते. दाब पसरायला ती खरोखर बरी आहे, चिकोडी-संकेश्वरसारख्या लांब, सपाट फेरीला तर उत्तमच. पण ती जाड आहे म्हणून नाही, चपटी आहे म्हणून. आणि कोन चुकला तर तीच मनगट मोडते. उड्या, वळणं, खडक असलेल्या वाटेवर हात सतत हलतो, तिथं मला तो पंखा अडतो.

‘लॉक-ऑन म्हणजे धंदा, साबण लावून बसवा.’ इथं माझा राग वैयक्तिक आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात राजहंसगडावरून येळ्ळूरच्या बाजूला उतरत होतो. एका दुकानात नुकतीच फोमची ग्रिप बसवून घेतलेली, साबणाच्याच पाण्यानं. पाऊस भुरभुर. वर चढताना वाटत होतं की उजवी मूठ जरा फिरते आहे. उतारावर दुसऱ्याच वळणाला ब्रेक ओढला आणि ग्रिप मोटरसायकलच्या थ्रॉटलसारखी गर्रकन फिरली. हात सुटला. मी शेताच्या बांधावर, सायकल माझ्यावर.

लागलं फारसं नाही. घरी येऊन सायकल धुताना उजवं टोक पाहिलं. फोम फाटून पोकळ दांड्याचा काठ बाहेर आला होता आणि आत माती ठासून भरलेली. स्क्रू ड्रायव्हरनं ढकलली तर दोन बोटं लांब तांबड्या मातीची अख्खी कांडी बाहेर आली, गोल, गुळगुळीत, वर गवताच्या मुळ्यांसकट. दांड्यानं जमिनीतून ती बुचासारखी कापून घेतली होती. बांधाऐवजी पोट असतं तर? मुलांच्या पोटाला हँडलच्या टोकानं होणाऱ्या गंभीर जखमा वैद्यकशास्त्राला नव्या नाहीत. म्हणून ग्रिप कुठलीही घ्या, टोकाचं बूच शाबूत पाहिजे. किरकोळ वस्तू असते आणि अर्ध्या सायकलींवर नसते.

साबण वाईट का? तो वाळतो, पण जात नाही. आत थर राहतो आणि पहिल्या पावसात परत बुळबुळीत होतो. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला, जो पाऊस पडतो त्यात तर चार दिवसही थांबायला नको. खोबरेल तेल, ग्रीस, रॉकेल लावणारे तर वेगळेच महाभाग, रबर फुगून सैल होतं. लॉकडाउनपासून सॅनिटायझर लावायची टूम निघाली आहे. पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून बहुधा ग्लिसरीन घातलेलं असतं, म्हणजे पुन्हा तेच वंगण. सरकवायची ग्रिप बसवायचीच असेल तर दांडा आधी पुसून कोरडा करा, आत स्पिरिट शिंपडा, झटक्यात चढवा आणि रात्रभर हात लावू नका. स्पिरिट उडून जातं, मागे काही ठेवत नाही. कॉम्प्रेसर हाताशी असेल तर नुसत्या हवेनंही चढते. मोटोक्रॉसवाले, म्हणजे मातीत मोटरसायकली पळवणारे, वरून बारीक तार आवळतात, तेही चालतं. पण पावसाळ्यात चालवणाऱ्यानं दर आठवड्याला ती पिळून बघायची तयारी ठेवावी.

लॉक-ऑनमध्ये असं काही नाही. आतल्या नळीला अॅल्युमिनियमची कडी, कडीला बारीक अॅलन बोल्ट. आवळला की दांडा धरला. ब्रेक बदलायला ग्रिप काढावी लागली तर फाडायची गरज नाही, दोन मिनिटांत निघते, परत बसते. हे चारपाचशे रुपये धंद्याला जातात की माझ्या दातांच्या विम्याला, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तिच्यातही दोष आहेत. दोन्ही टोकांना कडी असलेली ग्रिप असेल तर बाहेरची कडी तळहाताच्या कडेला टोचते. हात टोकाला ठेवायची सवय असेल तर फक्त आतल्या बाजूला कडी असलेली घ्या. आणि तो बोल्ट नाजूक असतो. कडीवर आवळायच्या जोराचा आकडा छापलेला असतो, बहुधा तीन ते पाच न्यूटन मीटर. तेवढाच आवळायचा. आमच्याकडची पोरं लेथचा चक आवळल्यासारखा आवळतात आणि मग आटे गेले म्हणून माझ्याकडे टॅप मारायला आणतात. आवळून झालं की ग्रिप ओल्या टॉवेलसारखी दोन्ही हातांनी पिळायची. जरासुद्धा हलली तर काढा, दांडा पुसा, पुन्हा बसवा.

फोम घाम शोषतो हे खरं, पण पाऊसही शोषतो, आणि मग पिळल्यावर चहातल्या टोस्टसारखा होतो. सिलिकॉनच्या फोमची गोष्ट निराळी. ती हलकी असते, बारीक झिणझिण छान मारते, पाणी पीत नाही. पण दगडावर पडलात की टोक फाटतं आणि बसवायची कटकट तीच.

ग्लोव्हजबद्दल एवढंच, की पडताना माणूस आधी तळहात पुढे करतो, आणि खडी ग्रिप बघून रुतत नाही. फक्त जाड जेलचे ग्लोव्हज आणि जाड ग्रिप असं दोन्ही एकदम नको, वरचं मापाचं गणित पुन्हा चुकेल.

मेव्हणा त्या रविवारी सायकल घेऊनच आला. सीटचं नाक दोन बोटं खाली होतं, ते सरळ केलं. लिव्हर फिरवले, साठाची हवा पस्तीसवर आणली. ग्रिप तीच ठेवली, फक्त काढून, आतला साबण पुसून, स्पिरिटवर पुन्हा चढवली. हिंडलगा, उचगाव, तुरमुरी करत शिनोळीपर्यंत जाऊन आलो. करंगळीचं विचारलं तर म्हणाला, ‘जरा मुंग्या आल्या, पण परतताना.’ सायकल अजूनही त्याला एक माप मोठीच आहे, छोटा स्टेम लावून बघायचं ठरलंय. मेसेज वाचून त्यानं आधीच मागवलेल्या जाड फोमच्या ग्रिप मात्र परत जाईनात. त्या सासूबाईंनी खुरप्यांना चढवल्या. एक चांगली आहे म्हणतात, दुसरी फिरते.