गोवर निघाल्याने मूल टणक होत नाही

भाचीने मागच्या आठवड्यात एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “आत्या, हे खरं आहे का गं? पिल्लूला बुधवारी नऊ महिने पूर्ण होतात.” मेसेज मला नवा नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर तो थोड्याफार फरकाने येऊन गेला आहे. त्यात म्हटलंय ते असं: गोवर हा लहानपणीचा साधा आजार, आपल्या आज्या-पणज्या त्याला घाबरत नव्हत्या. तो एकदा अंगावर निघून गेला की पुन्हा होत नाही आणि मूल आतून टणक होतं. लस घेतलेल्यांनाही गोवर होतोच. गोवर कमी झाला तो स्वच्छतेमुळे आणि चांगल्या पोषणामुळे. सामोआ देशात लशीने बाळं मेली. लशीने ऑटिझम होतो, मुलींना पुढे मूल होत नाही. कडुलिंबाचा पाला आणि ‘अ’ जीवनसत्त्व असलं की बाकी कशाची गरज नाही.

मी एकोणतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं. भाचीला फोनवर पाऊण तास जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी ‘टणक’ होण्याचं घेते, कारण अख्ख्या मेसेजचा जीव त्या एका वाक्यात आहे आणि नेमकं तेच उलटं आहे. गोवराचा विषाणू शरीरात शिरला की ज्या पेशींमध्ये आधीच्या आजारांची आठवण साठवलेली असते त्यांच्यावरच हल्ला करतो. बाळाने वर्ष-दोन वर्षांत सर्दी, जुलाब, न्यूमोनियाच्या जंतूंशी झुंजून जे काही शिकून ठेवलेलं असतं, ते पुसलं जातं. २०१९ साली नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि गोवरानंतरचं रक्त तपासलं गेलं. आधी असलेल्या अँटिबॉडींपैकी, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या घटकांपैकी, ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशा झाल्या होत्या. ही खाऊन-पिऊन सुखी घरातली मुलं होती, कुपोषित नव्हती. लस घेतल्यावर अशी घट होत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

जुन्या बायकांच्या तोंडी हे वेगळ्या शब्दांत होतंच. “गोवर आला तेव्हापासून पोर सावरलंच नाही,” हे वाक्य मी कितीतरी ओसऱ्यांवर ऐकलं आहे. पुरळ मावळायचं, घरचे सुटकेचा निःश्वास टाकायचे, आणि मग दोन महिन्यांनी हगवण, चार महिन्यांनी छाती भरणं. मूल दगावलं तर कारण ‘जुलाब’ सांगितलं जायचं. गोवराचं नाव कुणी घ्यायचं नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मान्य करते: एकदा गोवर होऊन गेलेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही. १८४६ साली फॅरो बेटांवर ६५ वर्षांनी गोवर पोचला, तेव्हा पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला हेच दिसलं. जेमतेम पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पण १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेली म्हातारी माणसं सुटली. पण ते संरक्षण आधी आजार भोगून मिळालेलं होतं. ज्याच्यापासून वाचायचं तोच आधी बाळाला होऊ द्यायचा, यात बाळाचा काय फायदा?

आणि आजार ‘साधा’ किती? दर वीस मुलांमागे साधारण एकाला न्यूमोनिया होतो, लहान मुलं दगावतात ती बहुतेक त्यानेच. हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. कान फुटतो, कायमचा बहिरेपणा येतो. अंगात ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल तर डोळ्यांत फूल पडून दृष्टी जाते. चांगली रुग्णालयं असलेल्या देशातही हजारात एक ते तीन मुलं जातात. कुपोषित वस्तीत याच्या कितीतरी पट. २०२३ साली जगात गोवराने सुमारे १ लाख ७ हजार जीव गेले, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची लेकरं.

एसएसपीई नावाचा एक प्रकार आहे, त्याबद्दल लिहिताना अजूनही माझा हात थांबतो. बाळपणी गोवर होतो, बरा होतो, घरचे विसरूनही जातात. सात-दहा वर्षांनी शाळेतून निरोप येतो की अभ्यासात मागे पडतोय, अक्षर बिघडलंय. मग हातातली वाटी पडायला लागते, चालता चालता अंगाला झटके बसतात, बोलणं जातं, शेवटी ओळख जाते. विषाणू इतकी वर्षं मेंदूत दबा धरून बसलेला असतो. यावर आजही खात्रीचा इलाज नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना याचा धोका सर्वांत जास्त.

आपल्या आज्या-पणज्या गोवराला घाबरत नव्हत्या, असं मेसेज म्हणतो. ज्यांच्या घरात नव्वदीतली आजी आहे त्यांनी तिच्याजवळ बसून विचारावं, तुझी किती झाली आणि किती राहिली. आमच्या आजीची नऊ झाली, पाच राहिली. ती घाबरत नव्हती असं नाही, तिच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

आणि हे फार जुनं आहे असंही कुणी समजू नये. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर गोवंडीत लागोपाठ मुलं दगावली तेव्हा साथ लक्षात आली. कोविडच्या दोन वर्षांत शेकडो बाळांचे डोस राहून गेले होते, एका खोलीत सात-आठ माणसं, आणि गोवर हवेतून पसरणारा. खोकलेला माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तास विषाणू हवेत राहतो. संरक्षण नसलेल्या दहा जणांना तो भेटला तर नऊ जण आजारी पडतात, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं. कस्तुरबा रुग्णालयात वॉर्ड वाढवावे लागले. मुंबईत दहाहून अधिक मुलं गेली, भिवंडी आणि मालेगावातही साथ होती. केंद्राने तेव्हा साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला सांगितलं, आणि जिथे प्रादुर्भाव जास्त होता तिथे सहा महिन्यांच्या बाळांनाही. ज्या वयात आपण एरवी ही लस देत नाही, त्या वयात द्यायची वेळ आली होती.

‘लस घेतलेल्यांनाही होतो’ हा मुद्दा शिकलेल्या लोकांनाही पटतो, म्हणून जरा हिशेब मांडते. एका वाडीत शंभर मुलं आहेत असं धरा. नव्वद जणांचे दोन्ही डोस झालेत, दहा जणांचा एकही नाही. दोन डोसनंतर शंभरात सुमारे सत्याण्णव सुरक्षित होतात, म्हणजे नव्वदांतली तीन-एक मुलं उघडी राहतात. साथ आली. बिनलशीच्या दहांपैकी नऊ आजारी, लस घेतलेल्यांपैकी तीन. एकूण बारा रुग्ण, त्यांतले तीन ‘लस घेतलेले’. मेसेज लिहिणारा हे तीन दाखवतो. नव्वदांत तीन आणि दहांत नऊ, हे सांगत नाही.

दुसरा डोस कशाला, हेही आया नेहमी विचारतात. आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या अंगात काही महिने असतात आणि त्या लशीलाही अडवतात. म्हणून नवव्या महिन्याचा डोस शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांनाच लागू पडतो. वर्ष उलटून दिला तर जास्त लागू पडेल, पण आपल्याकडे तोवर थांबणं परवडत नाही, गोवर त्याआधी गाठतो. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस प्रामुख्याने त्या राहिलेल्या पंधरांसाठी असतो. आणि ती पंधरा कोणती हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच द्यायचा.

स्वच्छतेचं थोडक्यात. पटकी, हगवण, कावीळ यांना स्वच्छ पाण्याने आळा बसतो. गोवर पाण्यातून येत नाही. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत बहुतेक घरांत नळ आणि संडास होते, तरी दरवर्षी तीस-चाळीस लाख लोकांना गोवर व्हायचा. १९६३ मध्ये लस आली आणि काही वर्षांतच आकडा कोसळला. नळ तेच होते. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये साथ आली ती लस न घेणाऱ्या समाजात, आणि तिथे दोन मुली गेल्या, दोघींनाही लस दिलेली नव्हती. त्याच वर्षी कॅनडाचा गोवरमुक्त हा दर्जाही गेला. पोषणाचं म्हणाल तर ते मुलाला मरणापासून काही प्रमाणात वाचवतं, गोवर होण्यापासून नाही.

आता सामोआ. इथे मेसेजने अर्धी गोष्ट सांगितली आहे. जुलै २०१८ मध्ये त्या बेटांवर लस दिल्यावर काही मिनिटांत दोन बाळं मरण पावली, हे खरं आहे. गोवराची लस कोरडी भुकटी असते, ती सोबतच्या निर्जंतुक पाण्यात मिसळून द्यायची असते. तिथल्या परिचारिकांनी पाण्याऐवजी स्नायू ढिले करणारं, मुदत संपलेलं भुलीचं औषध मिसळलं. त्या दोघींना पाच वर्षांची शिक्षा झाली. बाळं त्या औषधाने गेली. पण बातमी पसरली ‘लशीने मेली’ अशी, सरकारने लसीकरण कित्येक महिने थांबवलं, आणि पहिला डोस घेतलेल्या बाळांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आलं.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, गोवर पोचला. दोन लाख वस्तीच्या देशात ५,७०० जण आजारी पडले आणि ८३ गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरमध्ये दोन दिवस सरकारी कामकाज बंद ठेवलं, लोकांना घरी थांबायला सांगितलं, आणि ज्या घरात लस राहिली असेल त्यांनी दारात लाल कापड लावावं असं कळवलं. पथकं लाल फडकं बघून घरोघर गेली. सामोआचं नाव घेणाऱ्याने त्या दारांवरच्या लाल फडक्यांबद्दलही सांगायला हवं.

असं आपल्याकडे झालं नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यात रामदुर्ग तालुक्यात एमआर (गोवर-रुबेला) लस दिल्यावर तीन तान्ही बाळं गेली आणि लस हाताळण्यातली, साठवण्यातली चूक पुढे आली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तेच काम मी आयुष्यभर केलं. मिसळलेली लस चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची, ती उद्यासाठी ठेवायची नसते. व्हायल, म्हणजे लशीची बाटली, फोडल्याची वेळ तिच्यावर लिहायची. प्रत्येक बाळाला नवी सिरिंज. म्हणून आयांना सांगते, सिस्टरला बिनधास्त विचारा, “व्हायल किती वाजता उघडली?” चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आठवड्या-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, क्वचित बारीक पुरळही, ते आपोआप जातं.

ऑटिझमचं मूळ १९९८ सालच्या, फक्त बारा मुलांवरच्या एका लेखात आहे. तो लिहिणारा अँड्र्यू वेकफिल्ड. लेखातली माहिती फिरवलेली निघाली, लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून त्याने पैसे घेतल्याचंही उघड झालं. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि ब्रिटनने त्याची डॉक्टरकीची नोंदणी रद्द केली. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. ज्या आईला मुलाचं बोलणं मागे पडल्याचं दीड वर्षाच्या सुमारास जाणवतं, तिला त्याच महिन्यातला डोस आठवतो, हे मी समजू शकते. तिच्यावर मी कधीच रागावले नाही. पण वय एक असणं म्हणजे कारण असणं नव्हे.

मुलींना मूल होत नाही, ही आवई २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात एमआर मोहीम निघाली तेव्हाही उठली होती. एमआरमधला ‘आर’ रुबेलाचा. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन जन्मतं किंवा पोटातच जातं. आजची लस त्या मुलीच्या उद्याच्या बाळाला त्यापासून वाचवते.

‘अ’ जीवनसत्त्वाला मी नावं ठेवणार नाही. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर ते दोन दिवस लागोपाठ देतात, त्याने डोळे आणि जीव वाचतात. नवव्या महिन्याच्या डोसबरोबर आम्ही बाळाला चमच्याने ते पाजतोच. पण ते गोवर अडवत नाही. टेक्सासच्या साथीत आईबापांनी ते मनाने पाजलं आणि काही मुलांच्या यकृतावर परिणाम झालेला डॉक्टरांना दिसला. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘आई आली आहे, दवाखान्यात न्यायचं नाही’ म्हणून चार दिवस घालवल्याने, आणि मुलाचं खाणं तोडल्याने. श्वास भरभर होतोय, छाती आत ओढली जातेय, मूल पीत नाही, गुंगीत आहे, झटका आला, डोळ्यात पांढरं दिसतंय, यातलं एकही दिसलं तर त्याच घडीला न्या. देवीची ओटी नंतर भरता येते.

माझ्या नोकरीत लस नको म्हणणारी घरं थोडीच होती. डोस चुकायचे ते जास्त ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे. बाळाचा नववा महिना दिवाळीनंतर यायचा, तेव्हा कुटुंब कारखान्याच्या हद्दीतल्या कोपीत. आम्ही संध्याकाळी फडावरून माणसं परतायच्या वेळी आइसबॉक्स घेऊन जायचो. बाई कोयता खाली ठेवून, हात धुऊन बाळ मांडीवर घ्यायची आणि कार्ड पत्र्याच्या पेटीतून काढायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेलं. तिला लस हवी होती, लस तिच्यापर्यंत पोचत नव्हती. ज्यांच्या दारापासून दहा मिनिटांवर केंद्र आहे त्यांनी मेसेजवरून ती नाकारावी, याचं मला फार वाईट वाटतं. त्या बाईचं सहा महिन्यांचं बाळ, ज्याला लस द्यायचं वय अजून झालेलं नाही, ते तुमच्या-माझ्या मुलांच्या डोसवरच सुरक्षित असतं.

भाचीला शेवटी एवढंच सांगितलं: कार्ड काढ, एमआर-१ आणि एमआर-२ अशा दोन चौकटी शोध. पहिली बुधवारी भरायची, दुसरी सोळाव्या महिन्यानंतर. थोडी सर्दी असली तरी ने. आणि शेजारच्या घरातल्या तीन वर्षांच्या मुलाची दुसरी चौकट रिकामी आहे असं ती म्हणाली होती, त्यालाही सोबत ने, पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात राहिलेला डोस देतात. बुधवारी दुपारी तिचा फोटो आला. दोन्ही मुलं बाकावर बसलेली, पिल्लूच्या दंडावर कापसाचा बोळा, डोळ्यांत पाणी, आणि शेजारचा मोठा पोरगा त्याला बिस्किट देत होता.