मधुमेही माणसाला मऊ भात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पोट उशिरा रिकामं होण्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मधुमेह्याची कोशिंबीर आणि मोडाची उसळ बंद करून त्याला मऊ भात देणं म्हणजे साखर वाढवायला सांगणंच. शिवाय तुमच्या मते वडिलांना नुसता गॅस आहे. सकाळी गॅसची कॅप्सूल, रात्री इसबगोल आणि शतपावली एवढं त्यांना पुरतं, असं तुमचं म्हणणं. साखरेची तुमची काळजी रास्त आहे. तरीही तो सल्ला मी बदलणार नाही.

जठर नीट चालत असेल तर मधुमेह्याने चोथा खावाच. पण जठराचा खालचा भाग घन अन्नाचे एक-दोन मिलिमीटरचे कण करतो आणि मगच ते पुढे सोडतो. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की हे काम चालवणारी व्हेगस नस आणि जठराला लय देणाऱ्या पेशी बिघडतात. मग दुपारची काकडी नि मटकीची सालं रात्रीही पोटातच असतात. कधी त्यांचा गोळा बनतो आणि तो दुर्बिणीने फोडून काढावा लागतो. अशा पोटात इसबगोल फुगून घट्ट होतं आणि अन्न आणखी रेंगाळतं. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या. शतपावली मात्र चालू ठेवा.

मटकी सोडायची गरज नाही. कुकरला जास्त शिट्ट्या देऊन मऊ शिजवा, मिक्सरमधून काढा, चाळणीवर घासा. साल वर राहील, कढण खाली उतरेल. त्याला जिरं-हिंग आणि अगदी थोडं तूप पुरे, कारण स्निग्धानेही पोट मंदावतं. दुधी सोलून आणि बिया काढून, पापलेट वाफवून. काट्याने दाबल्यावर उकडलेल्या बटाट्यासारखं कुस्करलं तर तो पदार्थ चालेल.

भात एका वेळी छोटी वाटीच, आणि दिवसाची पाच-सहा छोटी खाणी. मुंबईत खरी अडचण इथेच येते. लोकलमधून घरी यायला साडेनऊ, दहाला भरपेट जेवण, लगेच अंथरूण. त्याऐवजी घन जेवण दुपारपर्यंत उरका, ऑफिसातून निघण्याआधी थर्मासमधलं कढण घ्या आणि घरी फक्त पातळ पेज किंवा गाळलेलं सूप. त्यानंतर दोन तास तरी आडवं होऊ नका.

साखर बिघडते ती बऱ्याचदा वेळ चुकल्यामुळे. जेवणाआधीचं इन्सुलिन काम करू लागतं तेव्हा अन्न जठरातच असतं, म्हणून तासाभरात साखर उतरते आणि तीन-चार तासांनी चढते. काही दिवस जेवणानंतर एक आणि चार तासांनी ग्लुकोमीटरवर तपासून आकडे डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनची वेळ तेच बदलतील. साखर उतरली तर बिस्किट देऊ नका, १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून द्या. पातळ पदार्थ लवकर पुढे सरकतो.

चार घासांत पोट भरणं आणि काही तासांपूर्वीचं अन्न जसंच्या तसं उलटून पडणं, ही तुम्ही सांगितलेली लक्षणं नुसत्या गॅसची वाटत नाहीत. आधी एन्डोस्कोपी करून अडथळा नाही हे पाहतात, मग न्यूक्लिअर मेडिसिन विभागात गॅस्ट्रिक एम्प्टींग स्कॅन, म्हणजे पोट किती वेळात रिकामं होतं ते पाहणारी चाचणी. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर पोट मंद. दीड-दोन तासांत आटोपलेला स्कॅन फसवू शकतो, म्हणून चार तासांचाच मागा. नेहमीच्या चाचणीत अंड्याचा पांढरा भाग आणि पाव देतात; शाकाहारी असाल तर काय देणार ते आधी विचारा. त्या सकाळी साखर २७५ च्या आत हवी, कारण चढलेली साखरच पोट मंदावते. वजन कमी करायची सेमाग्लुटाईडसारखी इंजेक्शनंही तेच करतात, घेत असतील तर सांगा.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या कॅप्सूलची वाटते, कारण ती ते वर्षभर केमिस्टकडून परस्पर घेताहेत. स्ट्रिपच्या मागे लेव्होसल्पिराईड लिहिलं असेल तर हात थरथरणं आणि अंग आखडणं होऊ शकतं. डोमपेरिडोन असेल तर हृदयाच्या ठोक्यांची लय पाहायला ईसीजी लागतो. मेटोक्लोप्रमाईड बारा आठवड्यांच्या पुढे घेतलं तर जीभ-जबड्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली कायमच्या राहू शकतात. आज संध्याकाळी स्ट्रिप पाहा आणि नाव काहीही असलं तरी या आठवड्यात ती पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. पाणीही टिकत नसेल, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.