‘हिवाळ्यात उपयोग शून्य’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की पिकअपच्या बॉनेटजवळ आम्ही बसवलेल्या, वरच्या लांब मालाचं पुढचं टोक बांधायच्या पट्टीच्या कड्या हिवाळ्यात काही कामाच्या नाहीत, वाटेत पट्टा सैल पडून कॅरिअरवरच्या शिडीचं टोक उचललं गेलं, एक कडी फाटली, आणि तासाभराचं काम सांगून आम्ही अर्धा दिवस घेतला.

वेळेचं आधी सांगून टाकतो. गाडी आली तेव्हा बॉनेट आणि फेंडरच्या (चाकावरच्या बाजूच्या पत्र्याच्या) फटीत बर्फ गच्च बसलेला होता. कडी बॉनेटच्या पत्र्याला लागत नाही, तो पत्रा फार पातळ. ती बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या फेंडरच्या बोल्टखाली दाबून बसते, म्हणजे ताण गाडीच्या अंगावर जातो. तुमचा तो बोल्ट, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजून धरला होता. पाना लावून जोर केला असता तर बोल्टचं डोकं हातात आलं असतं आणि अभिप्रायात आणखी एका तक्रारीची भर पडली असती. तेल सोडून थांबावं लागलं. हे तेव्हाच काउंटरवर सांगितलं होतं आणि तुम्ही मान डोलावली होती.

पण खरं लागलं ते ‘हिवाळ्यात उपयोग शून्य’ हे वाक्य. साहेब, उन्हाळ्यात या कड्या नसल्या तरी माणसाचं निभतं. बंपरखाली हात घालून हुक शोधायचा, दोर अडकवायचा, झालं. थंडीत तोच हुक चिखल-बर्फाच्या गोळ्यात थिजलेला असतो. जाड हातमोजे घालून, ओल्या रस्त्यावर गुडघे टेकून तो मोकळा करणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा. शिवाय खालून आलेला लांब दोर बॉनेटवर घासत राहतो, आणि त्यावर मीठमिश्रित वाळू बसली की रंगावर कानस फिरल्यासारखंच होतं. फेंडरजवळची कडी उभ्याउभ्या हाताला येते, दोर आखूड लागतो आणि तो सैल पडला तर चालवणाऱ्याला समोर काचेतून दिसतो. आमचं म्हणणं एवढंच की ही वस्तू हिवाळ्यासाठीच आहे.

आता शिडीबद्दल. तुम्ही स्वतः टाकलेल्या फोटोत दिसतंय ते असं: कॅरिअरच्या मागच्या आडव्या दांडीवर काहीच नाही, पुढच्या दांडीवर एकच पट्टा, आणि बाकी सगळा भार आमच्या दोन कड्यांवर, तोही रॅचेटने, म्हणजे दांडा मागेपुढे करून पट्टा आवळायच्या खटक्याने, आवळलेला. या कड्या माल धरून ठेवण्यासाठी नसतात. माल दोन्ही दांड्यांवर बांधायचा असतो. पुढचा दोर फक्त टोक वर उचलू नये आणि आडवं हलू नये म्हणून. वेग ताशी ८० वरून ११० किलोमीटर केला की हवेचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, त्यासाठी तो दोर. रॅचेटचा दांडा ओढताना आपल्याला वाटतं, थोडंच आवळलंय. पट्ट्यावरचा ताण मात्र हाताच्या जोराच्या कितीतरी पट असतो. फोर्ड ब्रॉन्को या गाडीच्या फेंडरवर कारखान्यातूनच असे बांधायचे बिंदू येतात, आणि त्यांची मर्यादासुद्धा एका बिंदूला १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो इतकीच आहे. इथे साधा दोर हाताने ताणून गाठ मारायची, किंवा कॅम बकलचा, म्हणजे नुसत्या हाताने ओढून घट्ट करायचा पट्टा लावायचा. रॅचेट नाही.

पट्टा सैल का पडला, तेही सांगतो, कारण त्याचा ठपका कडीवर आलाय. फोटोतला पट्टा नायलॉनचा दिसतो. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणलं जातं, ताकदही काहीशी कमी होते. उबदार गॅरेजमध्ये कोरडा पट्टा आवळून बाहेर बर्फात निघालात की तो सैल होणारच. पॉलिएस्टरचा पट्टा घेतलात तर हा त्रास बराच कमी. आणि पट्टा कुठलाही असो, थोडं अंतर गेल्यावर उतरून एकदा तपासायचं असतं.

फाटलेली कडी दुकानात आणलीत तेव्हा पाहिली. ती बोल्टपाशी शाबूत आहे, फाटली ती बॉनेटच्या कडेपाशी. काम नसताना कडी बॉनेटखाली सारून ठेवावी लागते. बाहेर लोंबत राहिली की भिजते, फटीत गोठते आणि मग बॉनेट हिसडा मारून उघडलं की असं होतं. बसवून देताना हे दाखवलं होतं. यापुढे सूचनांचा कागदही सोबत देण्याचा विचार आहे, बघू.

दुसरी कडी बदलून देतो, पैसे घेणार नाही. गाडी आणाल तेव्हा बर्फ झाडून आणा, म्हणजे पुन्हा वेळेवरून बोलणं नको. तारे वाढवा असं म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त ते हिवाळ्याचं वाक्य काढलंत तर बरं होईल. आमच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं थंडीतच येतात, आणि येण्याआधी हेच वाचतात.